खड्ड्यातली खडी उचलून बघा, ती काळी आहे का?

गेल्या आठवड्यात दुकान बंद करून घरी येताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी जो खड्डा पडलाय तिथं गाडी थांबवली आणि वाकून एक खडी उचलली. बायको मागं बसलेली, म्हणाली आता हे काय नवीन. खडी धुतल्यासारखी स्वच्छ होती. एका कोपऱ्यात नखाएवढा काळा डाग, बाकी सगळा दगड उघडा, राखाडी, जणू आत्ता क्रशरमधनं निघालाय. हा रस्ता मार्चएंडला झाला. आत्ता ऑगस्ट चालू आहे. मग पाच महिन्यात डांबर गेलं कुठं?

यावर आमच्याकडचं ठरलेलं उत्तर म्हणजे "खाल्लं". ठेकेदारानं खाल्लं, वरच्यानं खाल्लं, टक्केवारी गेली, विषय संपला. मी आठ वर्षं हॉटमिक्स प्लांटवर, म्हणजे खडी-डांबर तापवून मिसळतात तिथं, सुपरवायझर होतो, आता हार्डवेअरचं दुकान चालवतो, त्यामुळं कोण किती खातंय हे मला कुणी शिकवायची गरज नाही. खरं या खड्ड्यातली खडी वेगळंच सांगत होती. डांबर कमी घातलं असलं ना की दगडावर पातळ, करपट, तपकिरी थर दिसतो, पण दिसतो. इथं थरच नव्हता. म्हणजे डांबर होतं, आणि ते दगडाला सोडून गेलं. फील्डवर याला स्ट्रिपिंग म्हणतात. आणि माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या बेळगाव भागात रस्ते खराब व्हायचं एक मोठं कारण हे सोडून जाणं आहे, आणि त्याबद्दल ना नगरसेवक बोलतो, ना पेपरवाला, ना आंदोलनवाला. जाडी किती इंच, बिल किती लाख, यावर सगळं भांडण. दगडाला डांबर धरलं का, हा प्रश्नच कुणी विचारत नाही.

आमच्याकडं तर रस्त्यावरचं भांडण म्हटलं की ते बोर्डावरच्या अक्षरांचं. ते भांडण खोटं आहे असं मी म्हणणार नाही, मीही मोर्चात गेलोय. खरं बोर्ड मराठीत असो की कन्नडात, त्याच्या खालची खडी दोघांच्याही गाडीचा टायर सारखाच फाडते.

आता हे धरणं-सोडणं म्हणजे काय ते जरा नीट सांगतो, कारण इथंच सगळी गंमत आहे. शंभर किलो मिक्समध्ये डांबर असतंय साधारण पाच किलो. बाकी सगळी खडी, कच आणि फिलर, म्हणजे बारीक दगडाची पूड. हे पाच किलो डांबर सगळ्या दगडांवर पसरायचं म्हणजे एकेका दगडावर थर बसतो तो आठ-दहा मायक्रॉनचा, माणसाच्या केसाच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढा. एवढ्याशा पापुद्र्यावर उसाचे भरलेले ट्रॅक्टर जायचे. तो पापुद्रा दगडाला घट्ट असला तर रस्ता, नाहीतर नुसता खडीचा ढीग.

आणि दगडाचं असं असतंय की त्याला डांबरापेक्षा पाणी जास्त आवडतं. डांबर म्हणजे तेलाच्या कुळातलं, कच्च्या तेलातनं पेट्रोल-डिझेल काढून तळाला जे राहतं ते. (डांबर हा शब्द खरा कोळशापासनं निघणाऱ्या टारचा, आता रस्त्यावर वापरतात ते बिटुमेन, पण आपण सगळे डांबरच म्हणतो आणि मीही तेच म्हणणार.) पाण्याचा रेणू दगडाच्या पृष्ठभागाला जसा चिकटतो तसं डांबर चिकटत नाही, म्हणून पाण्याला एकदा का फट मिळाली की ते दगड आणि डांबर यांच्या मधनं हळूहळू सरकत जातं आणि डांबराला उचलून बाजूला करतं. ओल्या तव्यावर तेल टाकून बघा, तेल थेंब होऊन पळतं, तव्याला लागतच नाही. तेच. आणि थर सगळ्यात पातळ असतो दगडाच्या धारदार कोपऱ्यावर, त्यामुळं सुरुवात तिथनं होते.

त्यात पुन्हा सगळे दगड सारखे नसतात. ज्या दगडात सिलिका जास्त तो डांबराला कमी धरतो. गारगोटीसारख्या क्वार्टझाइटमध्ये नव्वद टक्क्यांवर सिलिका, ग्रॅनाइटमध्ये सत्तरच्या आसपास, आपल्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टात, पन्नासच्या आसपास. चुनखडीत तर सिलिका नसल्यात जमा, म्हणून ती डांबराला छान धरते. याचं कारण मला एका जुन्या केमिस्टनं प्लांटवर सांगितलं होतं आणि ते मी जन्मात विसरणार नाही. म्हणाला, तुझ्या घरी बोअरचं पाणी आहे का? आहे म्हटलं. त्यात साबण फेसाळतो का? नाही, पांढरी साय येते. तो म्हणाला ती साय म्हणजे कॅल्शियमचा साबण, तो पाण्यात विरघळत नाही. डांबरात थोडी आम्लं असतात, ती चुन्याच्या कॅल्शियमला भेटली की दगडावर असाच न विरघळणारा साबण तयार होतो आणि डांबर पकडून ठेवतो. ग्रॅनाइटमध्ये सोडियम-पोटॅशियम जास्त, त्यांचा साबण पाण्यात विरघळतो, आपल्या अंगाच्या साबणासारखा, पावसात धुऊन जातो. ज्या जड पाण्याला बायका दिवसभर शिव्या घालतात त्याच केमिस्ट्रीवर रस्ता टिकतो, बगा.

आता आपला जिल्हा घ्या. एका जिल्ह्यात एवढ्या तऱ्हेचे दगड क्वचितच कुठं असतील. चिकोडी, रायबाग, अथणीकडं दख्खनचा काळा पाषाण, जो जवळपास सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातनं झाला. गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरनं पडतो तो कडा वाळूच्या दगडाचा, क्वार्टझाइटचा. खानापूरकडं वर जांभा आणि खाली त्याहून कितीतरी जुने दगड. जिल्ह्याच्या शेजारी, लोकापूर-बागलकोटच्या पट्ट्यात, चुनखडी. आणि पाऊस? कणकुंबी-जांबोटीकडं, जिथं मलप्रभा उगम पावते, तिथं चार महिने छत्री वाळत नाही, आणि अथणीत लोक आभाळाकडं बघत बसतात. दगड वेगळा, पाऊस वेगळा, आणि टेंडरमधला मजकूर मात्र तोच, झेरॉक्स मारल्यासारखा. क्रशर जवळ कुठला, तिथली खडी, एवढंच बघतात, वाहतूक वाचते ना. याला मी घोटाळा म्हणणार नाही, हा आळस आहे, आणि मला विचाराल तर आळस जास्त महागात पडतो.

आणि काळा पाषाण आहे म्हणून निर्धास्त राहायचंही कारण नाही. कुजलेला बेसाल्ट असतो, वरनं मातीचा लेप असतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे क्रशरची धूळ. पावडर लावलेल्या कपाळावर टिकली चिकटत नाही, हे घरातल्या कुठल्याही पोरीला माहीत आहे. डांबर धुळीला चिकटतं, धूळ दगडाला चिकटलेली नसते, झालं. मी प्लांटवर असताना मे महिन्यात खडीच्या ढिगावर एवढी पांढरी धूळ असायची की हात घातला तर कोपरापर्यंत पीठ मळल्यासारखा व्हायचा. खडी धुवायची? पाणी कोण देणार, आणि धुतली तर ती वाळवायला ड्रायरला डिझेल जास्त लागतंय. ते डिझेल कुठल्या बिलात धरायचं हे कुणी लिहिलेलं नसतं, मग कोण धुणार.

घरी एकदा करून बघितलं. पुतण्याला घेऊन परसात तीन दगडांची चूल मांडली, एका जुन्या तव्यावर दोन मुठी खडी, एक धुऊन उन्हात वाळवलेली, एक तशीच धुळीची, वेगवेगळी तापवून रस्त्याकडेला पडलेलं डांबर त्यात घोळवलं. दोन्ही सारखीच काळी, चकचकीत, फरक सांगताच येईना. रात्रभर ठेवलं. सकाळी दोन डब्यात पाणी उकळून त्यात दहा मिनिटं ठेवली. धुतलेल्या खडीचं काही विशेष झालं नाही, एखाद्या कोपऱ्यावर दगड दिसायला लागला एवढंच. धुळीच्या डब्यात मात्र पाण्यावर काळे थेंब तरंगायला लागले आणि खाली खडी अर्धीअधिक उघडी. पुतण्या म्हणाला काका, हा तर आपला रस्ता. (तवा गेला तो गेला, त्यावरनं घरात जे झालं ते इथं लिहीत नाही.)

हा काही माझा शोध नाही. पाण्यात ठेवून बघायची परीक्षा आपल्याकडं १९७१ पासनं कागदावर आहे, आयएस ६२४१ नावाचं भारतीय मानक. दोनशे ग्रॅम खडी, पाच टक्के डांबर, चाळीस डिग्रीच्या पाण्यात चोवीस तास, मग डोळ्यांनी बघायचं किती टक्के झाकलेलं राहिलं. केंद्राच्या रस्ते मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे कामाच्या नियमांच्या पुस्तकात, किमान पंच्याण्णव टक्के मागितलंय. डोळ्यांनी बघायचं म्हटल्यावर एकाला पंच्याण्णव दिसतं, दुसऱ्याला पंच्याऐंशी, ही त्यातली खोट मान्य. म्हणून त्याच पुस्तकात दुसरी परीक्षा आहे, मिक्सचे गोळे करून काही कोरडे, काही पाण्यात भिजवून फोडायचे, आणि भिजलेल्याची ताकद कोरड्याच्या किमान ऐंशी टक्के भरली पाहिजे. नाही भरली तर उपायही तिथंच: फिलरच्या जागी दोन टक्के चुना, किंवा डांबरात मिसळायचं औषध. चुना म्हणजे तोच, भिंतीला लावतो तो, विरवलेला. बेळगावात चुना मिळत नाही असं कोण म्हणेल?

म्हणजे माहिती आहे, परीक्षा आहे, उपाय आहे, आणि तरी खडी उघडी. कारण परीक्षा झाली की नाही हे रस्त्याच्या मालकाला, म्हणजे आपल्याला, कधी कळतच नाही. कामाच्या ठिकाणी बोर्ड लागतो, त्यावर ठेकेदाराचं नाव, रक्कम, मुदत, उद्घाटन कोण करणार तेही. खडी कुठल्या खाणीची आणि भिजवल्यावर किती टक्के टिकली, या दोन ओळी त्या बोर्डावर आल्या पाहिजेत अशी माझी मागणी आहे. दोनच ओळी. कन्नडात लिहा, मराठीत लिहा, दोन्हीत लिहा, आकडा तर सगळ्यांनाच वाचता येतो.

आता लोक म्हणतील, बोर्डावर पंच्याण्णव लिहायला काय जातंय, खोटं लिहितील. लिहितील की. खरं एकदा लिहिलं की ते तपासता येतं. आपल्या बेळगावात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय आहे, इंजिनीअरिंग कॉलेजं आहेत, त्यांच्या सिव्हिलच्या लॅबमध्ये पोरं दरवर्षी हीच डांबराची प्रॅक्टिकलं करून जर्नल भरतात, बहुतेक एकमेकांचं बघून. तीच पोरं वॉर्डातल्या रस्त्याची खडी आणून भिजवू देत ना. काचेचं बीकर, ओव्हन आणि एक दिवस, यापलीकडं त्याला फारसं काही लागत नाही.

दुसरं उत्तर जे हमखास येतं ते म्हणजे काँक्रीट करा, कटकट मिटली. २०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावचं नाव आलं तेव्हापासनं हे जास्तच ऐकतोय. शहरात काही ठिकाणी काँक्रीट बरोबर आहे, मी नाही म्हणत नाही. पण काँक्रीटच्या रस्त्यात पाण्याची पाईप टाकायला खणलं की तो पॅच आयुष्यभर उचकटलेला, आणि रस्ता वर चढून लोकांचे उंबरे खाली गेले त्याचं काय. आणि खानापूर तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांचे, चिकोडीकडच्या मळ्यांचे रस्ते सगळे काँक्रीटचे करायला पैसे कोण देणार? ते डांबराचेच राहणार. मग डांबर नीट करायला शिकावंच लागेल.

पाण्याचं आणखी एक सांगतो, कारण पाऊस म्हटलं की सगळे वर बघतात. अथणी-रायबागकडं पाऊस कमी, तरी रस्ते असेच सोलतात. का? दोन्ही बाजूला ऊस, पाट भरून वाहतो, साईडपट्टी शेतापेक्षा खाली, रस्त्याच्या पोटात बारा महिने ओल. पाणी खालनं चढतं. आणि मग गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, प्रत्येक चाक जाताना आतलं पाणी दाबतं, चाक गेलं की पाणी परत ओढलं जातं, पिचकारीसारखं, दिवसातनं हजार वेळा. या पिचकारीपुढं कुठलं डांबर टिकणार. इथं चुन्याआधी चर पाहिजे. गटार काढलं नाही आणि वर नवीन कार्पेट, म्हणजे डांबराचा थर, टाकलं की ते पैसे सरळ पाटात सोडल्यासारखे, खरं गटाराचं उद्घाटन करायला कुणी येत नाही ना.

दाबण्याचंही तसंच. मिक्स रोलरखाली नव्वद डिग्रीच्या वर असतानाच दाबून झालं पाहिजे. डंपर ट्रॅफिकमध्ये तासभर अडकला, ताडपत्री नाही, मिक्स गार झालं, मग रोलर कितीही फिरवा, आत पोकळ्या राहतात. डिझाईनमध्ये पोकळी धरतात तीन ते पाच टक्के. ती आठ-दहा-बाराला गेली की पाणी आत शिरतं आणि बाहेर पडत नाही, सगळ्यात जास्त सोलणं याच पट्ट्यात होतं. वरनं रस्ता गुळगुळीत दिसतो, फीत कापली जाते, फोटो निघतात.

आणि पावसात पॅचवर्क! गेल्या महिन्यात आमच्या खड्ड्यावर माणसं आली, खड्ड्यात पाणी, एकानं फावड्यानं पाणी बाहेर फेकलं, वर गरम मिक्स टाकलं, फुस्स करून वाफ निघाली. मी म्हटलं अरे थांबा, झाडून तरी घ्या, कोरडं तरी होऊ दे. मुकादम ओळखीचा निघाला, म्हणाला, "काका, पाऊस थांबायची वाट बघूलालो तर हे काम कवा संपणार ओ? वरनं फोन येऊलालेत." त्याच्या गाडीत झाडूसुद्धा नव्हता. आमच्या घरातला खराटा दिला, पोत्यानं पाणी टिपलं, दोन खड्डे तसे केले, तिसऱ्याला पाऊस आला. स्पेसिफिकेशनमध्ये स्पष्ट आहे, पृष्ठभागावर पाणी साचलेलं असताना किंवा पाऊस चालू असताना काम थांबवायचं. त्या मुकादमाला दोष देऊन काय करू, त्याला वरनं सांगितलंय खड्डे बुजलेले दिसले पाहिजेत म्हणून. पेपरात "खड्ड्यांचं साम्राज्य" आलं की दुसऱ्या दिवशी पावसातच गाडी येते, त्यामुळं ओरडणारे आपणही त्यात आहोत.

पावसात काम करायचंच असेल तर त्यालाही वस्तू आहे. कॅटआयॉनिक इमल्शन म्हणतात, डांबराचे बारीक थेंब पाण्यात मिसळलेले, आणि त्या थेंबांवर धन भार असतो. सिलिकावाल्या दगडाच्या पृष्ठभागावर पाण्यात ऋण भार येतो. मग थेंब आपणहून दगडाकडं ओढले जातात, ओल्या दगडालाही धरतात. गरम करायची गरज नाही. भर पावसात साचलेल्या पाण्यात ओतायचं नाही हे खरं, पण दमट दगडाला चालतं. त्याच्या कोल्ड मिक्ससाठी, म्हणजे न तापवता केलेल्या मिक्ससाठी, इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेची २०१४ ची वेगळी मार्गदर्शिका आहे. कणकुंबीच्या रस्त्यावर जून ते सप्टेंबर हेच वापरायला पाहिजे, आणि जे खातं बंगळूरहून दर ठरवतं त्याला कणकुंबीचा पाऊस कसा असतो ते एकदा छत्रीशिवाय उभं करून दाखवायला पाहिजे.

भ्रष्टाचार नाही असं मी म्हणत नाही, परत सांगतो, कमेंटमध्ये मला कुणाचा माणूस ठरवू नका. पण समजा उद्या देवमाणूस ठेकेदार आला, पूर्ण पाच टक्के डांबर घातलं, पूर्ण जाडी दिली, आणि खडी धुळीची, गटार नाही, मिक्स गार. तो रस्ताही दुसऱ्या पावसाळ्यात सोलणारच, आणि आपण त्या देवमाणसालाही चोर म्हणणार. दुसरीकडं, चोर आहे त्याला पकडायचं तरी नेमकं कशावर पकडणार? जाडी मोजायला रस्त्यातनं कापून काढायचा नमुना, कोअर म्हणतात तो, तो बरोबर जागी काढून देतो, ते त्याला येतं. भिजवलेल्या खडीला त्याला काही करता येत नाही.

म्हणून आता अर्ज टाकलाय. माहितीच्या अधिकारात, दहा रुपये भरून, आमच्या गल्लीच्या रस्त्याचा. कन्नड मला बोलायला येतं, ऑफिसातलं लिहायला येत नाही, तर शेजारच्या रिटायर्ड मास्तरांनी लिहून दिला. खडी कुठल्या खाणीची, भिजवून तपासली का, कुठल्या तारखेला, किती टक्के टिकली, आणि त्या कागदाची नक्कल. मास्तर लिहिता लिहिता थांबले, म्हणाले, स्ट्रिपिंगला कन्नडात काय म्हणायचं हो? मी म्हटलं मराठीत तरी कुठं शब्द आहे, तसंच लिहा. ते हसले आणि कंसात लिहिलं, "दगड डांबर सोडतो ते". तीस दिवस पुढच्या महिन्यात भरतात. तोपर्यंत ती खडी दुकानाच्या काउंटरवर ठेवलीय, येणारं गिऱ्हाईक हातात घेऊन विचारतं, हे कितीला?